परक्या इंजिनाची उचल

लढाऊ विमानांचा विषय निघाला की पुरोगामी चळवळीतील कार्यकर्ते साधारणतः दोहोंपैकी एक पवित्रा घेतात. ‘गरिबाला भाकरी नाही आणि सरकार विमाने घेते’ असे म्हणून ते विषय संपवितात. नाही तर हा सेनापतींचा आणि तज्ज्ञांचा प्रांत आहे असे मानून गप्प बसतात. दोन्ही पवित्रे सोयीचे आहेत. पहिल्यात विचार करण्याचे श्रम वाचतात आणि दुसऱ्यात देशद्रोहाच्या आरोपाचे भय टळते. परिणाम मात्र एकच होतो. हवाई दलाच्या ताफ्यात कोणती विमाने असावीत, किती असावीत आणि ती कोणी बांधावीत, हा लाखो कोटी रुपयांचा प्रश्न मंत्रालयातील सचिव, परदेशी कंपन्यांचे प्रतिनिधी आणि दूरचित्रवाणीवरील निवृत्त अधिकारी यांच्यापुरता उरतो. ज्यांच्या पैशातून ही विमाने येतात त्यांचे त्यावर काही मत असू शकते, हे कोणाच्या मनातही येत नाही.

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात नांदूरघाट हे गाव आहे. दसरा-दिवाळी झाली की या टापूतील कुटुंबेच्या कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची, ती लग्नकार्यात, आजारपणात, जुन्या देण्यात खर्ची पडायची, आणि मग पाच-सहा महिने नवरा-बायकोने दुसऱ्याच्या फडात राबून ती फेडायची. फिटली नाही तर पुढल्या हंगामाला पुन्हा त्याच मुकादमाच्या दारी उभे राहायचे, हा त्यांच्या आयुष्याचा क्रम आहे. या माणसाला विमानांतले काय कळणार, असे म्हणण्याची शहाण्यांची रीत आहे. वास्तविक उचलीचा व्यवहार ज्याच्या अंगावरून गेला आहे, त्याला भारतीय हवाई दलाच्या ताफ्याची कहाणी समजावून सांगायला घटकाभरही लागू नये. शिवाय तो या ताफ्याचा धनीही आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपये ठेवण्यात आले आणि त्यांतील १ लाख ८० हजार कोटी भांडवली खर्चासाठी होते. साबणाच्या वडीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत प्रत्येक खरेदीवर कर भरणाऱ्या माणसाचा त्यात वाटा आहे.

कोरडवाहू शेतकरी आपल्या दावणीचा विचार कसा करतो ते पाहावे. ज्याची वैरण आपल्या रानात पिकत नाही, ज्याचे दुखणेखुपणे गावातल्या कोणाला कळत नाही, असे जनावर कितीही देखणे असले तरी तो ते बांधीत नाही. नांगरटीला दांडगी जोडी लागते, पण पाणी आणायला आणि कुळव धरायला हलकी जोडी पुरते, हेही त्याला ठाऊक असते. हवाई दलाच्या भाषेत यालाच जड आणि हलक्या विमानांचा मेळ म्हणतात. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशालासुद्धा १९७० च्या दशकात हा हिशेब मांडावा लागला. एफ-१५ हे दोन इंजिनांचे भारी विमान हवे तितके घेणे त्यांनाही झेपेना, म्हणून एफ-१६ हे एका इंजिनाचे, स्वस्त आणि संख्येने पुष्कळ असे विमान त्याच्या जोडीला आले. थोडी भारी आणि पुष्कळ हलकी, एवढेच ते सूत्र आहे.

आता आपली दावण पाहावी. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढ येथे मिग-२१ ला निरोप देण्यात आल्यानंतर हवाई दलात सहा जातींची लढाऊ विमाने उरली. सुखोई-३० आणि मिग-२९ ही रशियाची. मिराज-२००० आणि राफेल ही फ्रान्सची. जॅग्वार हे ब्रिटन आणि फ्रान्स यांनी मिळून केलेले. आणि तेजस आपले, पण त्याच्या पोटातील इंजिन अमेरिकेचे. सहा जातींची सहा प्रकारची प्रशिक्षणे, सहा प्रकारचे सुटे भाग, सहा प्रकारची दुरुस्ती. एवढे करून मंजूर ४२ स्क्वाड्रनांपैकी प्रत्यक्षात २९ च उरल्या. जॅग्वार तर आज भारताखेरीज जगात कोणतेही हवाई दल उडवीत नाही. ज्या देशांनी ते मोडीत काढले त्यांच्याकडून जुने सांगाडे आणून त्यांचे भाग आपल्या विमानांना बसवावे लागतात. २०२५ या एकाच वर्षात मार्च, एप्रिल आणि जुलै या महिन्यांत तीन जॅग्वार कोसळले.

हे असे का झाले, याचे उत्तर महाराष्ट्राच्या भूमीवरच सापडते. १९६२ मध्ये सोव्हिएत संघाशी मिग-२१ चा करार झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, आणि पुढे विमानाच्या सांगाड्याचा कारखाना नाशिकजवळ ओझरला, इंजिनाचा ओरिसात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा हैदराबादला असा विस्तार उभा राहिला. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या ओझर कारखान्यात मिग-२१ च्या एकामागून एक आवृत्त्या बांधल्या गेल्या, त्यानंतर मिग-२७ आणि त्यानंतर सुखोई. हवाई दलाने घेतलेल्या २७२ सुखोईंपैकी २२२ या कारखान्याने बांधली. बाजारात जाऊन विमान विकत घेणे आणि ते विमान आपल्या हातांनी बांधणे यांत काय फरक आहे तो ब्राह्मोस क्षेपणास्त्राच्या वेळी दिसला. अडीच टनांचे ते धूड सुखोईच्या पोटाखाली बसवायचे तर विमानाच्या सांगाड्याला हात घालावा लागणार होता. तो हात ओझरच्या अभियंत्यांनी आणि कामगारांनी घातला, २०१६ मध्ये असे विमान नाशिकच्या आकाशात उडाले आणि २०१७ मध्ये त्यावरून क्षेपणास्त्र डागले गेले. नुसत्या विकत घेतलेल्या विमानावर असा प्रयोग करायचा तर मूळ मालकाची परवानगी, त्याचे दर आणि त्याची सवड पाहत बसावे लागते.

ओझरचा गौरव करताना एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. परवान्यावर विमान बांधणे म्हणजे दुसऱ्याच्या फडात राबणे होय. हात तरबेज होतात, पण फड आपला होत नाही. ओझरने सहा दशकांत शेकडो विमाने बांधली, तथापि त्यांच्या रचनेचा अधिकार मॉस्कोत राहिला. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा मिगच्या सुट्या भागांसाठी हवाई दलाची कशी दैना झाली हे जुन्या मंडळींना आठवत असेल. ज्या कारखान्यांशी करार होते त्यांतील काही रातोरात वेगवेगळ्या राष्ट्रांत जाऊन पडले होते.

मिग-२१ ची दुसरी बाजू याहून अधिक दुःखद आहे. मे २०१२ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले की आजवर घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत नष्ट झाली आणि त्यांत १७१ वैमानिक व ३९ नागरिक मृत्युमुखी पडले. या विमानाला ‘उडती शवपेटी’ म्हणण्याची फॅशन पडली, आणि त्या नावाने एक मोठा अपराध झाकला गेला. विमान जुने होते हे खरे. परंतु नवशिक्या वैमानिकाला मंद गतीच्या शिकाऊ विमानावरून उतरवून थेट या वेगवान, अवघड विमानात बसविले जात होते, हेही तितकेच खरे. मधली पायरीच नव्हती. ती पायरी हवी, म्हणजे प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवे, अशी शिफारस १९८२ मध्ये ला फाँटेन समितीने केली होती. हॉक विमानांचा करार झाला २००४ मध्ये आणि ती दलात येऊ लागली २००८ मध्ये. म्हणजे शिफारशीपासून पुरी पंचवीस वर्षे! या काळात काँग्रेसची सरकारे झाली, जनता दलाचे झाले, संयुक्त आघाडीचे झाले, भाजपच्या आघाडीचे झाले. समाजवादी चळवळीतून आलेले जॉर्ज फर्नांडिस संरक्षणमंत्री असताना २००३ मध्ये अंबाला येथे स्वतः मिग-२१ मध्ये बसून उडाले. त्यांच्या धैर्याविषयी शंका नाही, आणि हॉकचा निर्णयही अखेर त्यांच्याच कारकीर्दीत झाला, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. पण मंत्र्याचे उड्डाण हे प्रशिक्षणाच्या विमानाला पर्याय नव्हते. ताफ्याचा मेळ म्हणजे केवळ लढाऊ विमानांची यादी, ही समजूतच त्या तरुणांच्या जिवावर उठली. शिकण्याचे विमान, टेहळणीचे विमान, हवेत इंधन देणारे विमान आणि विमानाखालचे क्षेपणास्त्र हे सारे त्या मेळाचे घटक आहेत, आणि वर्तमानपत्री चर्चेत त्यांना कधी जागा मिळत नाही. मे २०२५ च्या चार दिवसांच्या संघर्षात आपल्या विमानांची हानी झाली हे संरक्षणदल प्रमुखांनी महिनाअखेर सिंगापूरला मान्य केले, आकडा मात्र सांगितला नाही. त्यानंतर येथे जी चर्चा झाली ती अमुक विमान श्रेष्ठ की तमुक, अशी कुस्तीच्या आखाड्यासारखी झाली. शत्रूचे विमान आधी कोणाला दिसले आणि क्षेपणास्त्र कोणाचे लांब पोहोचले, हे प्रश्न बाजूलाच राहिले.

आता मूळ बिघाडाकडे यावे. मिग-२१ हा आपल्या ताफ्याचा हलका बैल होता. तो म्हातारा होणार हे उघड होते, आणि म्हणूनच १९८३ मध्ये हलक्या लढाऊ विमानाचा प्रकल्प मंजूर झाला. त्याचे पहिले उड्डाण २००१ मध्ये झाले आणि पहिली तेजस स्क्वाड्रन २०१६ मध्ये उभी राहिली. मधल्या काळात हलक्या विमानांची जागा रिकामी होत गेली आणि ती भरली सुखोईने, म्हणजे तीस टनांच्या घरातील, दोन इंजिनांच्या विमानाने. आज ताफ्यात निम्म्याच्या आसपास सुखोई आहेत. घागरभर पाणी आणायला नांगराची जोडी जुंपावी तसे हे झाले. दुसरीकडे २००७ मध्ये १२६ मध्यम विमानांसाठी निविदा काढण्यात आली. तिच्यात एका इंजिनाच्या ग्रिपेनपासून दोन इंजिनांच्या सुपर हॉर्नेटपर्यंत सहा विमाने एकाच रांगेत उभी केली गेली. बैल घ्यायला बाजारात गेलेला माणूस हत्तीची किंमत विचारीत बसला! २०१२ मध्ये राफेलची निवड झाली. त्यांतील १०८ विमाने हिंदुस्थान एरोनॉटिक्सने भारतात बांधायची होती. वाटाघाटी रेंगाळल्या आणि एप्रिल २०१५ मध्ये पंतप्रधानांनी पॅरिसला जाऊन ३६ तयार विमाने घेण्याची घोषणा केली. त्या व्यवहारातील आरोपांची चर्चा खूप झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने चौकशीची मागणी फेटाळून लावली. परंतु आरोप बाजूला ठेवले तरी जे उरते ते पुरेसे आहे: १२६ ची गरज सांगून ३६ विमाने आली, त्यांपैकी एकही येथे बांधले गेले नाही, आणि दावणीला आणखी एक जात वाढली. २०१८ मध्ये पुन्हा ११४ विमानांसाठी जगभर विचारणा सुरू झाली.

यावर परदेशी खरेदीचे समर्थक एक युक्तिवाद करतात आणि तो टाकाऊ नाही. ते म्हणतात की एकाच देशावर विसंबू नये; रशियाने हात आखडला तर फ्रान्स आहे, फ्रान्सने आखडला तर अमेरिका आहे. १९९० मध्ये अमेरिकेने पाकिस्तानची पैसे भरलेली एफ-१६ विमाने अडवून ठेवली, हे उदाहरण त्यांच्या बाजूने देता येते. मात्र नांदूरघाटचा ऊसतोडणी कामगार या युक्तिवादाला हसेल. एका मुकादमाच्या जाचातून सुटण्यासाठी तीन मुकादमांची उचल घेतलेला माणूस त्याने पाहिलेला असतो. असा माणूस मोकळा होत नाही. तिघांच्याही वहीत त्याचे नाव चढते एवढेच. १९९८ च्या पोखरण स्फोटांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले तेव्हा तेजसच्या उड्डाण-नियंत्रण प्रणालीवर तेथे काम करणाऱ्या भारतीय अभियंत्यांना परत यावे लागले होते. त्या वेळी आपल्याकडे फ्रान्सची मिराज होती, रशियाची मिग होती. त्यांचा तेजसला काही उपयोग झाला नाही. पुरवठादारांची संख्या वाढविणे आणि परावलंबन कमी करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिलीला दुसरीचे नाव देऊन कोट्यवधींचे करार मंजूर करून घेतले जातात.

उचलीचे मूळ इंजिनात आहे. हे आज कळलेले नाही. १९६१ मध्ये बंगलोरला एचएफ-२४ ‘मरुत’ हे विमान उडाले. जर्मन अभियंता कुर्ट टांक यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय तंत्रज्ञांनी ते घडविले होते. १४७ मरुत बांधली गेली आणि १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर ती लढली. विमानाचा सांगाडा ध्वनीहून अधिक वेगासाठी काढलेला होता, पण त्याला साजेसे इंजिन कधी मिळालेच नाही. ब्रिटनमध्ये त्याच्यासाठी अधिक ताकदीचे इंजिन विकसित करण्याचा खर्च उचलण्याची वेळ आली तेव्हा दिल्लीने हात मागे घेतला. ते विमान दुबळेच राहिले, आणि मग ते दुबळे आहे या कारणासाठी परदेशी विमान घेण्यात आले. तेजससाठी कावेरी इंजिनाचे काम १९८० च्या दशकातच हाती घेतले होते. ते अपेक्षित ताकद देईना म्हणून २००८ मध्ये तेजसपासून वेगळे काढण्यात आले. एवढ्या मोठ्या देशाने एका इंजिन-प्रकल्पाला जो पैसा, जी चाचणीची साधने आणि जो धीर दिला, तो एखाद्या तयार विमानाच्या करारापुढे किरकोळ ठरावा असा होता.

त्याचे फळ आता ओझरलाच भोगावे लागत आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क १ए विमानांचा करार झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडे ९९ इंजिने मागविण्यात आली. त्यांतले पहिले इंजिन हाती पडले मार्च २०२५ मध्ये. सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ तेजसची मागणी ६२,३७० कोटी रुपयांना नोंदविण्यात आली, आणि नोव्हेंबरमध्ये त्याच कंपनीकडे आणखी ११३ इंजिने मागविली गेली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरला तेजसच्या जुळणीची नवी लाइन सुरू झाली आणि तेथे बांधलेले पहिले तेजस आकाशात झेपावले. सुखोईचे बांधकाम सरत आल्यापासून नव्या कामाची वाट पाहणाऱ्या कामगारांना त्या दिवशी आनंद झाला असेल तर तो रास्त होता. पण सांगाडा तयार आणि इंजिन समुद्रापार, अशी ही मांडणी आहे. कोयते धारदार आहेत, टोळी सज्ज आहे, फडाचा पत्ता मात्र मुकादमाच्या खिशात आहे.

हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या व्यवस्थापनाला यात निर्दोष ठरविता येणार नाही. सारा उशीर इंजिनाच्या माथी मारणे सोपे आहे, पण इंजिने येण्याआधीही उपकरणे, चाचण्या आणि प्रमाणपत्रे यांची कामे मागेच पडत होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये हवाई दलाच्या प्रमुखांनी या कंपनीवर आपला विश्वास उरला नसल्याचे बोलून दाखविले, तेव्हा सार्वजनिक क्षेत्राच्या समर्थकांना राग आला. रागावण्यापेक्षा उत्तर देणे बरे झाले असते. सार्वजनिक क्षेत्राचा कैवार घेणाऱ्यांनी त्याच्या ढिलाईवर पांघरूण घालायचे नसते, कारण त्या ढिलाईचे भांडवल करून कारखाना खाजगी घराण्यांच्या हाती देण्याची भाषा करणारे दाराशीच उभे असतात.

आता ‘भाकरी की विमान’ म्हणणाऱ्यांविषयी. १९७२ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातील माणसे खडी फोडीत होती आणि त्याच महाराष्ट्रात ओझरला मिग बांधले जात होते. ही विसंगती ज्याला टोचत नाही तो समाजवादी नव्हे. परंतु त्या टोचणीतून काय निष्पन्न होते ते पाहावे. सीमा आहेत, शेजारी आहेत, आणि उद्या दिल्लीत समाजवाद्यांचे सरकार आले तरी त्यालाही हवाई दल ठेवावे लागेल. मग संरक्षणावरील खर्च कमी व्हावा असे ज्याला वाटते त्यानेच ताफ्याच्या मेळाचा आग्रह सर्वांत जास्त धरला पाहिजे. पैसा मुरतो तो येथे: दोन-दोन स्क्वाड्रनांसाठी वेगळी गोदामे, वेगळी यंत्रे, वेगळे प्रशिक्षण, आणि मूळ कंपनी सांगेल त्या दराने मिळणारे सुटे भाग. ‘विमाने नकोत’ या घोषणेने एकही करार थांबलेला नाही. ‘सहा जाती कशासाठी?’ हा प्रश्न मात्र कोणत्याही संरक्षणमंत्र्याला अडचणीचा वाटेल.

तेव्हा मागणी नेमकी करावी. ताफ्याचा कणा दोन विमानांचा असावा: जड कामासाठी आहेत ती सुखोई, ओझरलाच सुधारून व सांभाळून, आणि हलक्या कामासाठी संख्येने भरपूर तेजस. जॅग्वार, मिराज व मिग-२९ यांना ठरलेल्या मुदतीत निवृत्ती द्यावी. राफेल आहेत ती वापरावीत, पण शंभराहून अधिक परदेशी विमानांचा नवा करार करण्याआधी तेवढ्याच रकमेत स्वदेशी इंजिनाचा कार्यक्रम, क्षेपणास्त्रे आणि टेहळणीची विमाने यांचे काय काय होऊ शकते, याचा तुलनात्मक हिशेब संसदेपुढे ठेवावा. हे सूत्र लगेच अमलात येणारे नाही. इंजिन घडायला दहा-पंधरा वर्षे लागतील आणि तोपर्यंत परक्याच्या दारी जावेच लागेल. परंतु फेडण्यासाठी घेतलेली उचल वेगळी आणि जन्मभर घेत राहण्याची उचल वेगळी.

कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील खासदारांना विचारण्यासारखे प्रश्न पुष्कळ आहेत. प्रत्येक जातीच्या विमानांपैकी एका वेळी उड्डाणयोग्य किती असतात? तेजसची किती विमाने इंजिनावाचून उभी आहेत? सुखोईच्या सुट्या भागांपैकी कितींसाठी अजून रशियाचे तोंड पाहावे लागते? आणि ओझरच्या नव्या लाइनवर कायम कामगार किती व कंत्राटी किती, त्यांत केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून आयटीआय झालेल्या ऊसतोडणी कामगारांच्या मुलांना किती जागा मिळाल्या, आणि मिळाल्या नसतील तर त्या कोणत्या भरतीत मिळणार आहेत?